चाक आमचं, पाना कुणाच्या हाती?

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या महिला गटांच्या एकदिवसीय शिबिरात एका टेम्पोमालक मैत्रिणीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. तिच्या सांगण्यावरून नाव दिलेले नाही.)

मैत्रिणींनो,

बोलायच्या आधी पिशवीतली ही वस्तू पुढच्या रांगेत देते. हातोहात पार मागच्या भिंतीपर्यंत जाऊ द्या. धुऊन आणलीय, तरी पदराला टेकवू नका, ग्रीसचा डाग लवकर जात नाही.

काय वाटतं? आजी म्हणतात, लोखंडाचा गोठ. दिसतो खरा तसाच. पण नीट बघा. बोटाच्या पेराएवढे रोलर गोलाकार बसवलेत आणि ते एका अंगाला निमुळते आहेत. याला टेपर बेअरिंग म्हणतात. टेम्पोच्या पुढच्या प्रत्येक चाकात अशी दोन असतात. आत मोठं, बाहेर लहान. चाकाच्या मधोमध जो लोखंडी गड्डा असतो त्याला हब म्हणतात, आपल्या बैलगाडीच्या भाषेत तुंबा. त्या हबच्या पोटात ही दोन बसतात आणि आसाच्या टोकावर हब फिरतो. गाडीच्या पुढच्या अंगाचं सगळं ओझं या रोलरांवर.

आता रंग बघा. चांगलं बेअरिंग घासलेल्या भांड्यासारखं लखलखीत असतं. हे निळं-काळं पडलंय, कढईचं बूड जळावं तसं. २०१२ साली माझ्या स्वतःच्या गाडीतून हे निघालं. त्या दिवशी एका पोरीचा जीव जाता जाता वाचला. म्हणून मी ते भंगारात घातलं नाही.

आमची गाडी ४०७. २००५ साली जुनी घेतली. तिला कुणी ट्रक म्हणतं, कुणी टेम्पो. यांचं नाव पतसंस्थेच्या आधीच्या कर्जात अडकलेलं होतं, म्हणून गाडी माझ्या नावावर घेतली. कागदावर मी मालक. पण आम्ही नवऱ्यालाच मालक म्हणणाऱ्या बाया. गाडीत मी बसायचे ती लग्नाला जाताना, मागं, सतरंजीवर. हे शिरूर, न्हावरे भागातून कांदा भरायचे, पुण्याला मार्केट यार्डात न्यायचे, येताना खत, सिमेंट, मिळेल ते. २०११ साली छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. दहावा झाला त्याच संध्याकाळी धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, गाडी काढून टाकू. बाईमाणसाला झेपायचं नाही." कर्जाचे हप्ते बाकी होते. गाडी विकून कर्ज फिटलं असतं, मग खायचं काय? मी नाही म्हणाले. गावातल्याच एका पोराला ड्रायव्हर ठेवला.

पुढच्या डाव्या चाकातून घरघर येते, असं तो म्हणायला लागला. मी त्याला गॅरेजला पाठवलं. साडेतीन हजारांचं बिल आलं. दोन बेअरिंग, सील, ग्रीस, मजुरी. मी पैसे दिले, बिल डब्यात ठेवलं. मला वाटलं, मालकीण म्हणून माझं काम झालं.

त्याला तीन आठवडे झाले असतील. न्हावऱ्याहून चौफुल्याकडं कांदा घेऊन गाडी निघाली होती. पारगावच्या अलीकडं ते चाक हबसकट निघून आलं. बाहेरचं बेअरिंग तापून आसाला चिकटलं होतं, त्यानं नट फिरवून काढला. ड्रायव्हरनं स्टिअरिंग सोडलं नाही, गाडी घासत घासत कडेला गेली. चाक मात्र एकटंच पुढं पळालं. शाळेतून सायकलवर येणाऱ्या एका मुलीच्या पुढून दोन हातांवरून ते गेलं आणि उसात शिरलं.

फोन आल्यावर मी मिळेल त्या वाहनानं पोचले. तास झाला असेल. मुलगी अजून तिथंच कडेला बसलेली, शेजारी तिचा बाप. तो ओरडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "गाडीची मालकीण कोण?" मी म्हटलं, मी. "चाक बघितलं नव्हतं का?" मी म्हटलं, गॅरेजवाल्याला पैसे दिले होते. तो म्हणाला, "पैशाचं नाही विचारलं, ताई."

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. नवरा गेला, गाडी चालू ठेवली, हप्ता चुकवला नाही, याचा मला तोवर अभिमान होता. आपल्या शिबिरांतून आपण म्हणतो, घर बाईच्या नावावर करा, जमीन नावावर करा, गाडी नावावर करा. बरोबरच आहे, माझंही म्हणणं तेच आहे. पण नावावर असलेल्या वस्तूच्या आत काय आहे हे आपल्याला ठाऊक नसेल, तर तो कागद दुसऱ्याच्याच कामाचा होतो. आणि आणखी एक सांगते, जरा कडू आहे. त्या केबिनमध्ये बसलेलं पोरगं मजूर होतं आणि मी मालक होते. त्याचा जीव त्या चाकावर होता, माझा नव्हता.

माझी बहीण दौंडला असते. तिच्या शेजारी एक काका, रेल्वेतून फिटर म्हणून रिटायर झालेले. मी निघालेलं सगळं सामान गोणीत भरून त्यांच्यापुढं ओतलं. त्यांनी बेअरिंग धुतलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "हे नवं नाही. जुन्यावरच नवं ग्रीस फासलंय." आतली रिंग गंजून खड्डे पडलेली. ज्या पिनेनं नट अडकवून ठेवायचा तिच्या जागी साधा खिळा वाकवून घातलेला. मी तशीच गॅरेजला गेले. तिथला मिस्त्री हसला. "वहिनी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" जुनं सामान मी परत मागितलं नव्हतं, नव्या बेअरिंगचं खोकं बघितलं नव्हतं. पुरावा काय? तेव्हापासूनचा माझा नियम तुम्हीही घ्या. सायकलपासून ट्रकपर्यंत काहीही दुरुस्त करा, काढलेला जुना भाग आणि नव्या भागाचं रिकामं खोकं आपल्या पिशवीत आलं पाहिजे. बिलावर भागाचा नंबर पाहिजे. पोट भरण्यासाठी स्वतः राबून धंदा करणाऱ्यालाही ग्राहक कायद्यानं ग्राहक मानलंय. पण जिल्हा आयोगापुढं जाताना हातात काहीतरी लागतं.

काकांनी मला चार रविवार शिकवलं. पहिल्या रविवारी पान्याला हात लावू दिला नाही. म्हणाले, आधी हात लावायला शिक. दौंड जंक्शन, तिथं मालगाडी थांबली की डब्यांच्या आसाचे बॉक्स हातानं चाचपत जाणारी माणसं असायची. कुठला बॉक्स जास्त तापलाय ते हाताला कळतं. हॉट ॲक्सल म्हणतात त्याला. तसंच टेम्पोचं. गाडी दूरवरून आली की प्रत्येक हबला हाताची मागची बाजू लावायची. तळहात नाही लावायचा, चटका बसला तर उरलेलं काम कशानं करणार? दोन्ही बाजूंचे हब सारखेच कोमट हवेत. एक जास्त तापलेला लागला तर एक तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग बोलतंय. याला पैसा लागत नाही, ताकद लागत नाही. पोराचा ताप बघणाऱ्या बाईला हे शिकवायला चार रविवारही लागत नाहीत.

आता चाक कसं खोलायचं ते सांगते. हे ऐकून लगेच एकटीनं करायला जाऊ नका. पहिल्या खेपेला जाणतं माणूस शेजारी हवंच.

गाडी सपाट, टणक जागेवर घ्या. मऊ मातीत जॅक रुततो. हॅण्डब्रेक ओढा, गिअर टाका, मागच्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावा. चाकाचे नट गाडी उचलायच्या आधीच थोडे सैल करायचे, कारण उचललेलं पुढचं चाक गरगर फिरतं आणि नटाशी झोंबताना गाडी जॅकवरून सरकू शकते. काही जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, तेव्हा नट हलत नाही म्हणून जोर करण्याआधी आटे बघा. मग जॅक. आणि हे पाठ करा: जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. आसाखाली लोखंडी घोडी किंवा अखंड लाकडाचा जाड ठोकळा आला पाहिजे. विटा, सिमेंटचे ब्लॉक चालत नाहीत, ते काही न सांगता फुटतात. घोडी लागल्याशिवाय गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

चाक अधांतरी असतानाच तपासायचं. एक हात वर, एक खाली, चाक धरून आतबाहेर हलवा. हललं, खटखट झाली, तर मैत्रिणीला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा. तरीही हलतंय, तर किंग पिनचा, ते दुसरं आणि मोठं काम. एवढं एक कळलं तरी गॅरेजमध्ये तुमच्याशी बोलण्याची तऱ्हा बदलते. मी सांगते ना, एकदम बदलते. मग चाक नुसतं फिरवा आणि कान द्या. जातं रिकामं फिरवल्यासारखी खरखर आली तर आत बिघाड आहे.

चाक काढलं की ड्रम. काही गाड्यांत तो वेगळा निघतो, काहींत हबबरोबर येतो. अडला तर ब्रेक आधी ढिला करायचा, घण घालायचा नाही. आतली काळी धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या. गॅरेजमधली पोरं हवेचा पाइप लावून ही धूळ उडवतात आणि संध्याकाळी खोकतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मग हबची टोपी, मग पिन सरळ करून काढायची, मग नट, वॉशर. हब थोडा पुढंमागं हलवला की बाहेरचं बेअरिंग आपोआप तळहातात येतं. पहिल्यांदा ते आलं तेव्हा मला आमच्या गावच्या सुईणीची आठवण झाली. काकांना सांगितलं तर ते लाजले. हब जड असतो, त्याला दोघी लागतात. सरळ ओढायचा, तिरका ओढून आसाचे आटे खरवडायचे नाहीत.

दोन्ही बेअरिंग डिझेलमध्ये धुवा, स्वच्छ फडक्यानं पुसा. हवेच्या पाइपानं गरगर फिरवून वाळवू नका, कोरडं बेअरिंग तसं फिरवलं की खराब होतं आणि फुटून डोळ्यातही येतं. मग उजेडात बघत बसा. इथं घाई नाही. निळेपणा म्हणजे तापलंय. खड्डे म्हणजे आयुष्य संपलंय. तपकिरी डाग म्हणजे पाणी शिरलंय. आपल्याकडं ओढ्यातून गाड्या घालतात, नदीवर नेऊन धुतात, तेव्हा हे डाग हमखास. रोलरवर ओरखडे दिसले तर ग्रीसमध्ये माती गेलीय. यातलं काहीही दिसलं तर बेअरिंग बदलायचं, आणि हबमध्ये घट्ट बसलेली बाहेरची रिंग, तिला कप म्हणतात, तीही त्याच्याबरोबरच. माझ्या गाडीत मिस्त्रीनं निदान बेअरिंग तरी बदलायला हवं होतं. पण नवं बेअरिंग जुन्या कपात घालणं हीही फसवणूकच, फक्त अर्धी. कप ठोकून काढताना पितळेचा तुकडा वापरा, या बाजूला एक, त्या बाजूला एक. नवा बसवतानाही तसंच. तो तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो. हंडा भरत आल्यावर बदलतो तसा. आपले कान त्यात तयार असतात.

ग्रीस भरणं हे तर खास हातचं काम. चाकाच्या बेअरिंगचंच ग्रीस घ्या. जुन्यात नवं मिसळायचं नाही, जुनं पूर्ण पुसून काढायचं. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची, दुसऱ्या बाजूनं रोलरांच्या फटींतून ग्रीस वर येईपर्यंत. थोडं फिरवायचं, पुन्हा दाबायचं. नुसतं वरून फासलं तर आत कोरडंच राहतं. हबच्या पोटात मात्र ठासून भरायचं नाही. जास्त ग्रीस झालं तर ते घुसळून घुसळून तापतं, सील फोडून ब्रेकवर उतरतं. मग ब्रेक लागत नाही.

आतलं बेअरिंग बसलं की मागून सील. ते प्रत्येक खेपेला नवंच घ्यायचं, तिथं काटकसर नको. सीलची ओठासारखी कड, जिच्यात बारीक स्प्रिंग असते, ती बेअरिंगच्या बाजूला. कडेला बोटभर ग्रीस लावा. मग हब आसावर, बाहेरचं बेअरिंग, वॉशर, नट.

आणि आता नट किती आवळायचा. सगळं काम इथं येऊन ठरतं, आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. पुरुषांना आवळायची फार हौस. पान्यावर उभे राहतात. घट्ट म्हणजे चांगलं, अशी समजूत. पण बेअरिंग घट्ट आवळलं की जळतं आणि ढिलं ठेवलं की आपटून आपटून फुटतं. माझी आई जात्यावर दळायची. भरडायचं असलं की मधल्या खिळीखाली चिंधी घालून वरची तळी जराशी उचलायची. पीठ बारीक हवं असलं की चिंधी काढायची. किती उचलायची ते कुठं लिहिलेलं नव्हतं, हाताला माहीत होतं. हे तसंच आहे, फक्त इथं लिहिलेलंही आहे. चाक हातानं फिरवत फिरवत नट आवळायचा, चाक जड लागेपर्यंत. त्यानं रोलर आपापल्या जागेवर बसतात. मग नट मागं सोडायचा, बहुतेक गाड्यांत एका फेऱ्याच्या सहाव्या ते चौथ्या भागाइतका. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात असतो, तोच धरायचा. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि हलवलं तर केसाएवढंच हललं पाहिजे. मग नवी पिन. खिळा नाही, तार नाही, जुनी पिन सरळ करून नाही. टोपी बसवा, ड्रम, चाक. ढिला केलेला ब्रेक पुन्हा जुळवा, नाहीतर तो लागायचाच नाही. जमिनीवर टेकल्यावर नट समोरासमोरचे आवळा. आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा आणि हबला हाताची मागची बाजू लावा. दुसऱ्या दिवशी चाकाचे नट पुन्हा एकदा बघा.

आताच्या काही नव्या गाड्यांत बंद हब येतो, तो खोलायचा नसतो, अख्खा बदलायचा असतो. आपल्या गाडीत कुठला आहे ते आधी विचारून घ्या.

कुणीतरी मघाशी विचारलं, बाईला ताकद पुरते का? चाकाचा घट्ट नट माझ्या हातानं सुटत नाही. भाऊजींच्याही सुटत नाही. ते पान्याला हातभर पाइप जोडतात, मीही जोडते. पाइप बाई-पुरुष बघत नाही. आणि साडीचं म्हणाल तर शेतात खुरपताना आपण साडीवर यांचा जुना शर्ट घालतोच की. तोच शर्ट. बांगड्या काढून ठेवायच्या, गळ्यातलं आत घालायचं. मंगळसूत्र काढायचं की नाही यावर आमच्या गल्लीत दोन दिवस चर्चा झाली, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या माघारी! मंगळसूत्र उरलंच नव्हतं, हे चर्चा करणाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही.

लहानपणी वडील बैलगाडीचं चाक काढायचे तेव्हा वंगणाचा नळा घेऊन मी उभी असायची. आसाला वंगण मीच लावायची, खीळ मीच घालायची. गावात कुणी हसलं नाही. तेच काम टेम्पोला केलं तर वेशीपर्यंत बातमी. कामात पैसा आला, यंत्र आलं, की ते काम पुरुषाचं होतं. कैकेयीची गोष्ट आपण कीर्तनात ऐकलेली आहे. लढाईत दशरथाच्या रथाचा आस मोडला, तेव्हा तिनं स्वतःचा हात घालून चाक सावरलं. दोन वर मिळाले ते त्या कामाचे. लोकांना वर आठवतात, तिला नावं ठेवायला. चाक कुणाला आठवत नाही.

कायदाही तसाच. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २२ व्या कलमात लिहिलं होतं की चालू यंत्राला तेल घालायचं, तपासायचं झालं तर ते शिकवून तयार केलेल्या पुरुष कामगारानं घट्ट कपडे घालून करावं, आणि ते कपडे कारखान्यानं पुरवावेत. बाईनं मात्र चालू यंत्राच्या धोक्याच्या भागाला वंगणही घालायचं नाही. हेतू जीव वाचवण्याचा होता, मान्य. चालू यंत्रात पदर अडकला तर काय होतं ते मीही सांगेन. पण घट्ट कपडे पुरवायचेच होते, शिकवायचंच होतं, तर बाईला का नाही? या ४०७ गाड्या १९८६ पासून पुण्यात बनू लागल्या, टेल्कोच्या कारखान्यात. त्याच कंपनीनं १९७४ साली इंजिनिअरच्या जागांसाठी जाहिरात दिली, तीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, आणि त्यांना बोलावून घ्यावं लागलं.

पण इतकं लांब कशाला, दौंड तालुक्यातलंच सांगते. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा, टाकलेल्या बायका तिथं राहिल्या. तिथं छापखाना होता, तेलाचा घाणा होता. छापखान्यात खिळे जुळवायला, छापायला बायाच. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, आणि त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर १९२४ मध्ये याच छापखान्यातून पुरं बाहेर पडलं. शंभर वर्षं होऊन गेली. मी केडगाव स्टेशनवरून कितीदा गेले असेन, हे मला आपल्या एका शिबिरातच कळलं.

आणि रस्त्यावरच्या बायाही आहेत. योगिता रघुवंशी, मूळच्या आपल्या नंदुरबारच्या, भोपाळला दिलेल्या. वकिलीची पदवी. २००३ मध्ये नवरा गेला, ट्रक पदरात पडला. ठेवलेला ड्रायव्हर अपघात करून गाडी टाकून पळाला. मेकॅनिकला घेऊन त्या स्वतः तिथं गेल्या, गाडी उभी केली आणि पुढं स्वतःच स्टिअरिंगवर बसल्या. त्यांची हकिगत मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला रडू आलं, कारण माझं पोरगं पळालं नव्हतं. ते त्या दिवशी पारगावजवळ रस्त्यात बसून कांदे वेचत होतं.

त्याचंही सांगितलं पाहिजे. मी चाक खोलायला लागले तेव्हा तो आठवडाभर रुसला. मालकीण आपल्यावर नजर ठेवते असं त्याला वाटलं. मग मी म्हटलं, तू पण शीक, दोघं मिळून करू. आता नट सोडायचं काम त्याचं आणि नट आवळून मागं सोडायचं माझं. त्याच्या बायकोनंही मागच्या वर्षी एक हब माझ्याबरोबर बसवला. धाकटे भाऊजी अजून म्हणतात, वहिनीला नाद लागलाय. त्यांच्या ट्रॉलीच्या चाकातून आवाज आला की मात्र रात्री अंधार पडल्यावर येतात.

ज्या मुलींच्या घरी शिकायची तयारी आहे त्यांनी आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स विचारावा. शिवण क्लासचा फॉर्म आपल्या हातात आपोआप येतो, हा मागून घ्यावा लागतो. आणि गटांनी एक करावं. एक जॅक, दोन घोड्या, एक पान्यांचा संच गटाच्या पैशातून घेऊन ठेवावा. पातेली आणि सतरंज्या आपण घेतोच. ऊसतोडीला आलेल्या बायांच्या टायरगाड्यांनाही बेअरिंगच असतात, आणि तिथं तर नवराबायको मिळून एक कोयता धरतात, उचल नवऱ्याच्या हातात. त्या बायांना चाक कोण उघडून दाखवणार?

बेअरिंग कुठपर्यंत पोचलं? मागच्या रांगेत आलं का? ताई, ते माझ्या पिशवीत परत टाका, विसरून नेऊ नका.

माझी गाडी बाहेर लिंबाखाली उभी आहे. ड्रायव्हर जॅक काढून बसलाय. ज्यांना बघायचंय त्यांनी चहा घेऊन या, ज्यांना करायचंय त्यांनी चहा राहू द्या. पहिल्यांदा चार जणी लागतील. दोघींनी मागच्या चाकांना लावायला दगड शोधा.